डिझेलातलं पाणी आणि मायची दहावी

मार्च लागला की आमच्या चिखलीतल्या गल्लीत टीव्हीचे आवाज आपोआप लहान होतात. शेजारच्या घरात दहावीचं एक कार्टं असतंच. त्याची आई जिन्यात भेटली की डोळे पुसते, बाप रजा टाकून घरी बसतो आणि उगाच पंख्याचा वेग कमी-जास्त करत राहतो. सकाळी निघताना पोराच्या तळहातावर दही-साखर पडते. परीक्षा म्हटलं की लोकांना काय काय आठवतं! कुणाला पोटातला गोळा, कुणाला शाईनं भरलेली बोटं. मला डिझेलचा वास येतो. खोटं नाही सांगत. कुणी नुसतं "हॉल तिकीट घेतलं का रे?" म्हटलं तरी नाकात डिझेल शिरतं आणि पाठोपाठ ओल्या पोत्याचा कुबट वास. मग मला एकटीलाच हसू येतं आणि जिन्यातली ती बाई माझ्याकडे फार वाईट नजरेनं पाहते.

आता हे डिझेल कुठून आलं ते सांगायला हवं. आमचं गाव धरणाच्या काठाचं. बुलडाणा जिल्ह्यात आमच्या घरी बोट होती, असं पुण्याच्या माणसाला सांगून पाहा. तो आधी हसतो आणि मग लोणारचं विचारतो. अहो, नाही हो लोणार! आमचं साधं धरण आहे, त्याला बघायला कुणी येत नाही. धरण झालं तेव्हा आमची अर्धी जमीन पाण्याखाली गेली आणि उरलेली पलीकडच्या काठावर राहिली. सडकेनं जायचं तर उंद्री गावाकडून मोठा वळसा, आणि एसटी येणार तिच्या मर्जीनं. म्हणून बाबांनी बोट केली. केली म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरकडून करून घेतली. त्या भल्या माणसानं जन्मात बोट पाहिली नव्हती. त्यामुळे ती पुढून बोट आणि मागून ट्रॉली दिसायची. सवयीनं त्यानं मागे लाल रिफ्लेक्टरसुद्धा ठोकून दिले होते. विहिरीवर विजेची मोटार आल्यापासून गोठ्यात पडून असलेलं डिझेल इंजिन बाबांनी तिच्यावर बसवलं, त्याच्या डोक्यावर पत्र्याची टाकी चढवली, आणि आमचे बाबा, ज्यांना पोहता येत नव्हतं, नावाडी झाले.

बाबांना धरणाच्या पाण्याची भीती नव्हती. त्यांना भीती होती टाकीत शिरणाऱ्या पाण्याची. बोटीखाली एवढं अथांग पाणी पसरलेलं, त्याचं त्यांना काही नाही. पण टाकीत चमचाभर पाणी आलं की त्यांची झोप उडायची. इंजिन आधी खोकतं, मग पांढरा धूर सोडतं, मग मधल्या मध्ये गप्प होतं. मग तोटी उघडून पाणी सांडा, फिल्टर झटका, नट ढिले करून आत शिरलेली हवा काढा, आणि पुन्हा हँडल मारून मारून खांदा निखळवा. एवढं करेपर्यंत वारा बोटीला कुठल्या कुठे घेऊन जायचा.

म्हणून रोज सकाळी बाबा टाकीच्या बुडाची तोटी थोडी सोडून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत डिझेल घ्यायचे. बाटली उन्हासमोर धरायची, एक डोळा मिटायचा. पाणी जड, ते खाली बसतं. डिझेल वर तरंगतं. खाली चकाकणारी रेघ दिसली की संपलं. "आलं!" असे ओरडायचे, की घरातली भांडी थांबायची. पाहुणे घरी असले तर घाबरून उठायचे. त्यांना वाटायचं, कुणाचे तरी लघवीचे रिपोर्ट आले.

डिझेल टाकीत ओतायचं तेही गाळून. त्यासाठी मायचं जुनं मऊ लुगडं फाडून घड्या घातलेल्या. माय म्हणायची, "माह्या चहाले गाळनी धड नाई अन् ह्यायचं डिझेल पाहा कसं लाडानं पेते." तरी पाणी यायचंच. कुठून यायचं हे बाबांना कळत नव्हतं, म्हणून ते संशय घ्यायचे. आधी पेट्रोल पंपावर. मग कॅनवर. मग चुलत्यावर, कारण चुलता एकदा बोटीजवळ उभा राहून "छान चालते बे तुही बोट" असं म्हणाला होता. आणि कुणीच उरलं नाही की माझ्यावर. मी तेव्हा कॉलेजला होते, शिकलेली होते, म्हणजे काहीतरी करूच शकते असा त्यांचा समज.

त्यांचे इलाजही त्यांच्याच डोक्यातले. एक म्हणजे, रात्री कुणी डिझेल चोरेल म्हणून संध्याकाळी टाकी जवळजवळ रिकामी करून कॅन घरी आणायचा आणि पलंगाखाली ठेवायचा. त्यांच्या अंगाखाली कित्येक वर्षं डिझेल झोपलं. दुसरा इलाज उन्हाळ्याचा. ऊन तापायला लागलं की डिझेल उडून जातं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मग आमच्याकडे माठाला जे करतात ते त्यांनी टाकीला केलं. पोतं पाण्यात बुडवून टाकीवर गुंडाळलं. गार राहावं म्हणून. लांबून पाहिलं तर बोटीवर प्यायच्या पाण्याची सोय केलीय असं वाटायचं. एकदा एक म्हातारा खरंच पेला घेऊन आला होता.

अशा घरात माय दहावीला बसली.

माय अंगणवाडीत मदतनीस होती. कित्येक वर्षं तिनं तिथे खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, सतरंज्या झटकल्या. गाणी शिकवायचं काम सेविकाबाईंचं, आणि त्याही एसटी मिळाली तर यायच्या. त्या गाणं म्हणत तेव्हा माय मागे चुलीपाशी नुसते ओठ हलवायची. ज्या दिवशी बाई येत नसत त्या दिवशी माय मोठ्यानं म्हणायची, आणि पोरं त्या दिवशी घरी जायला तयार नसत. मग त्या बाई निवृत्त व्हायला आल्या. मदतनीस दहावी पास असेल तर तिलाच सेविका करतील, नाहीतर बाहेरून दुसरी आणतील, असं कुणीतरी मायच्या कानावर घातलं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मले खुर्ची नाई पाह्यजे वं. मले पोरायले गानं शिकवाचं हाये. तू मले गनित शिकोशीन काय?"

मी हो म्हटलं. गणित शिकवणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. माझा स्वभाव तापट आणि मायचा हात पिठात. मी ओरडायचे, ती भाकरी थापायची. "अगं, बाजू बदलली की चिन्ह बदलतं!" "काऊन बदलते पन?" "नियम आहे!" "माह्या सासरी आली तवा मी बी बाजू बदलली, माहं काय बदललं?" पण एकदा पटलं की ती विसरायची नाही. मला शिकवून राग यायचा आणि तिला शिकून भूक लागायची. त्या हिवाळ्यात आम्ही दोघींनी मिळून अख्खा डबा शेंगदाणे संपवले.

बाबांनी विरोध केला नाही. त्यांनी फॉर्मवर सही केली, पुस्तकं चिखलीहून स्वतः आणली. फक्त एकच अट घातली. "कोनाले सांगाचं नाई."

"काऊन? चोरी करून राह्यली का मी?" मायनं विचारलं.

"गावाले म्हाईत झालं अन् नापास झाली तं? पार पोट्टेसोट्टे हासतीन तुले."

मायनं बरं म्हणून शब्द दिला. मला तेव्हा बाबांचा भयंकर राग आला. वाटलं, याला बायकोची लाज वाटते. आज वाटतं, लाज होतीच थोडी, पण तिला हसणारे पोट्टेसोट्टे त्यांना आधीच दिसायला लागले होते आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. बोलता येत नसलं की माणूस अटी घालतो.

विज्ञानाचं पुस्तक मात्र मायला गोष्टीच्या पुस्तकासारखं आवडलं. उष्णतेच्या धड्यात आर्द्रता होती, दवबिंदू होता. एका सकाळी ती चुलीपुढे बसून वाचत होती. हवेत पाण्याची वाफ असते, हवा गार झाली की ती वाफ थेंब होऊन गार वस्तूवर बसते. तिनं पुस्तक मिटलं. माठातलं पाणी भरलेला स्टीलचा गडवा समोर होता, त्याच्या अंगावर बाहेरून थेंब जमलेले. तिनं बोट फिरवलं. मग ती उठली आणि ओट्यावर बाटली न्याहाळत बसलेल्या बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"तुमच्या टाकीत पानी कोनी टाकत नाई," ती म्हणाली. "टाकी रातभर उपाशी राह्यते. मंग ते धरनावरची ओली हवा पोटात घेते. पाहाटं पत्रा गार पडला का आतून घाम येते तिले. भरून ठेवा टाकी. हवेले जागाच ठेवू नका."

बाबांनी बाटली खाली ठेवली. "आता मले बोट पुस्तक शिकोनार?"

"पुस्तक नाई, मी शिकोते."

बाबा तावातावानं निघून गेले. पण तिसऱ्या संध्याकाळी कॅन पलंगाखाली आला नाही. टाकी काठोकाठ भरून, टोपण घट्ट लावून, वर साखळी-कुलूप घालून ते आले. दुसऱ्या दिवशी बाटलीत रेघ नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हती. त्या आठवड्यात बाबांनी मायला बाजारातून न सांगता एक नवीन पेन आणलं, आणि ते पिठाच्या डब्यावर ठेवून असे पळाले, जसं काही चोरलंय.

मग ऊन वाढलं आणि पोतं आलं.

"हे काढा," माय म्हणाली. "ओलं कायले घालता टाकीवर?"

"पुस्तकात पोत्याचं लिवलं हाये काय?"

माय खरं बोलणारी बाई. "नाई."

"मंग झालं तं."

परीक्षेचं केंद्र पलीकडच्या गावातल्या शाळेत होतं, म्हणजे प्रत्येक पेपरला बोटीनं जायचं. तो हळदीचा मोसम. रोज सकाळी हळद वेचायला बायांची टोळी घमेली घेऊन आमच्याच बोटीनं पलीकडे जायची. टोळीची मुकादमीण कमलाकाकू. अंगानं दणकट, आवाज त्याहून. तिच्यापासून गावात काही लपत नसे, कारण ती सरळ विचारायची. पहिल्या पेपरच्या दिवशी माय इस्त्रीचं लुगडं नेसून बोटीत येऊन बसली तशी तिनं विचारलं, "वयनी, कुठं निंगाल्या वं एवढ्या?"

मायनं तोंड उघडलं, पण बाबा घाईनं मध्ये पडले. "दाताच्या डाक्टरकडं नेऊन राह्यलो. दाढ दुखते तिची."

संपलं! त्या दिवसापासून माय बोटीत बसली की गालाला पदर लावायची. पलीकडचा काठ येईपर्यंत धरून ठेवायची. दुसऱ्या पेपरला दुसरी दाढ. इंग्रजीच्या पेपरला तर ती तोंडातल्या तोंडात निबंध पुटपुटत होती, आणि बायांना वाटलं कण्हतेय. कमलाकाकूनं कमरेच्या पिशवीतून लवंगांची डबी काढली आणि दाढेखाली धरायला मूठभर दिल्या. मायला लवंग मुळीच सोसत नाही. तिनं डोळ्यातून पाणी काढत काढत त्या चावल्या, आणि बायांनी एकमेकींकडे पाहून "लय दुखते बिचारीले" असं म्हटलं. प्रत्येक पेपरला एक दात, असा हिशेब गावात पसरला. चौकात एकानं बाबांना सल्लाही दिला, "आता उरलेले एकदमच काढून घ्या अन् कवळी बसवा, भाऊ. फेरे वाचतीन." बाबांनी गंभीरपणे मान हलवली. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसले. माय मात्र हसली नाही. "एवढी शिकून राह्यली मी, अन् गाव मले बोळकी समजते," म्हणाली.

गणिताचा दिवस आला. मायला भीती होती ती एवढ्याच पेपरची. बाबांनाही होती, पण ते बोलणार थोडेच! ते पहाटेच धरणावर गेले. बाटली पाहिली, स्वच्छ. टाकी काठोकाठ. आज काही म्हणता काही चुकायला नको, म्हणून त्यांनी एक नाही, दोन पोती पाण्यात बुडवली आणि टाकीवर चांगली घट्ट आवळली, अगदी टोपणावरून. आता गंमत अशी, की त्या टोपणाला हवा जायला बारीक भोक होतं, आणि टोपणाभोवतीचा पत्रा होता खोलगट. बाया येईपर्यंत, माय आणि मी येईपर्यंत, ती दोन चिंब पोती त्या भोकावर निवांत ठिबकत बसली. ज्या पाण्याला बाबा इतकी वर्षं लुगड्यातून गाळत होते, ते त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं आणून दाराशी बसवलं, आणि तेही बायकोवरच्या मायेनं.

धरणाच्या बरोबर मध्ये इंजिन खोकलं.

बाबांचा चेहरा मला आजही दिसतो. खोकला ऐकताच त्यांनी मान अशी वळवली, जसं अंगणात लेकरू पडल्याचा आवाज आला. भक्क, भक्क, पांढरा धूर, आणि मग शांतता. धरणाचं पाणी पत्र्याला लागून चुळूक चुळूक वाजत होतं, तेवढंच. बाबांनी तोटी सोडली. बाटली अर्धी पाण्यानं भरली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग पोत्याकडे, मग मायकडे.

बाबांनी पोती ओढून फेकली, पाना काढला आणि इंजिनात डोकं घातलं. बाया निवांत. कुणी तंबाखू मळायला काढली, कुणी पायांवर पाणी घेतलं. "वल्ही कुठे आहेत?" मी विचारलं. वल्ही घरी होती. बाबांनी ती दोडक्याच्या वेलाच्या मांडवाला लावली होती, कारण आता टाकीत पाणी येणारच नव्हतं ना!

"कमलाकाकू, काहीतरी करा, लवकर पोचायला पाहिजे," मी म्हणाले.

"कायची घाई वं पोरी? होईन चालू. दात काय पयून जाते काय?"

बाया हसल्या. मी मायकडे पाहिलं. तिचा पदर अजून गालालाच होता. शाळेचं फाटक बंद झालं की झालं, पुढच्या वर्षापर्यंत सेविकेची जागा कोण थांबवून ठेवणार! हे बोटीत आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि तिघांपैकी बोलायची बंदी ज्यानं घातली तो इंजिनात तोंड घालून बसला होता. माय त्याच्या पाठीकडे बघत होती. शब्द दिला म्हणजे दिला, अशी बाई ती. बुडाली असती, पण बोलली नसती. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी उठलेसुद्धा.

बाबा माझ्याआधी उठले. तोंड काळं, कोपरापर्यंत डिझेल.

"दात नाई!" ते ओरडले. धरणावर आवाज केवढा जातो! "दात नाई दुखत तिचा! पेपर हाये! गनिताचा! दहावीले बसली हाये माही बायको!"

तंबाखूची चिमूट वाटेतच थांबली. कमलाकाकू मायसमोर येऊन उकिडवी बसली. "वयनी, आ करा."

मायनं आ केला. कमलाकाकूनं आत वाकून नीट पाहिलं. बाकीच्या बायाही वाकल्या, बोट एका अंगाला कलली.

"सगळे जागेवर हायेत वं माय!" कमलाकाकू म्हणाली. मग बाबांकडे वळून, "भाऊ, माही लवंगाची अख्खी डब्बी गेली तुमच्यापायी. त्याचं मंग पाहू." आणि मग टोळीकडे वळून तिनं जो आवाज लावला, तो शेतात लावते तसलाच. "बसून काय राह्यल्या वं? उचला घमेली!"

मी पुढे पुष्कळ ठिकाणी गेले, समुद्रही पाहिला. पण हळदीनं पिवळ्या झालेल्या घमेल्यांनी बोट वल्हवणाऱ्या बाया पुन्हा पाहिल्या नाहीत. आधी बोट जागच्या जागी गोल फिरली, कारण उजव्या बाजूला कमलाकाकू होती. मग तिला मध्ये बसवलं, तर सगळ्यांचं पाणी तिच्या अंगावर. कुणी आधी मारी, कुणी मागून. मायनंही घमेलं उचललं, तशी कमलाकाकू खेकसली, "तू ठेव ते! तू गनित कर!"

"काय करू आता इथं?"

"जे येते ते म्हन. मोठ्यानं म्हन, आमाले बी ठेका भेटते."

मायनं डोळे मिटले आणि वर्गसमीकरणाचं सूत्र म्हणायला लागली. "उणे बी..." घमेली पाण्यात. "अधिक-उणे..." घमेली वर. "वर्गमुळात..." पाण्यात. "बी वर्ग उणे चार ए सी..." वर. "भागिले दोन ए!" आणि बोट चालायला लागली, हो! सरळ चालायला लागली. पहिल्यांदा माय एकटी म्हणत होती, मग मी म्हणायला लागले, मग बाया. अक्षर-ओळख नसलेल्या, सहीच्या जागी अंगठा देणाऱ्या बाया धरणाच्या मधोमध वर्गसमीकरण सोडवत निघाल्या होत्या. "हे बी कोन हाये वं, लय येते ते?" एकीनं धापा टाकत विचारलं. "मार तू घमेलं," कमलाकाकू म्हणाली. माय हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, पण सूत्र काही तिनं सोडलं नाही. मी तिला इतकी खूश कधीच पाहिली नव्हती.

इंजिन चालू झालं ते काठ अगदी हाताशी आल्यावर. बाबांनी हँडल मारलं आणि एवढा वेळ मेलेलं ते यंत्र असं उसळलं, की बोट सरळ चिखलात घुसली आणि सगळ्या बाया एकमेकींवर. त्या ढिगातून माय बाहेर पडली, लुगडं खोचलं आणि कुणाकडेही न बघता पळत सुटली. मागून कमलाकाकू ओरडत होती, "वयनी, चिन्हं पाहून लिवजा वं!" चिन्हांचं तिला काय ठाऊक, पण मी मायवर ओरडायचे ते गल्लीभर ऐकू जायचं म्हणतात.

फाटक लागता लागता माय आत शिरली. शिपाई तिला पालक समजून अडवायला लागला तर तिनं चालता चालता हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. मी मागून धापा टाकत पोचले तोवर ती वर्गात गेली होती.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच तुमचा जीव टांगणीला नको. माय पास झाली. गणितात काठावर, पण झाली. सेविकाही झाली. विज्ञानात मात्र बऱ्यापैकी मार्क पडले, त्यावर बाबा अजून म्हणतात, की ते त्यांच्या टाकीमुळे. तिच्या अंगणवाडीत आता सगळी पोरं एवढ्या मोठ्यानं गाणी म्हणतात, की शेजारी तक्रार करतात. हे सगळं पुढचं. मला मार्च आला की आठवतं ते निकालाचं नाही, त्या फाटकाबाहेरचं.

मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी होते. बाहेर झाडाखाली पालकांची ही गर्दी. मोटारसायकली, पाण्याच्या बाटल्या, वर्तमानपत्रानं वारा घेणाऱ्या आया. तेवढ्यात पाहते तर बाबा येत होते. पलीकडच्या काठावर बाबा बोट सोडून कधी पाण्याच्या हाकेपलीकडे जात नसत. आधीच्या पेपरांना मायला काठावर उतरवून मागे वळायचे ते तसेच परत. त्या दिवशी ते चिखलाच्या पायांनी, डिझेलच्या हातांनी शाळेपर्यंत चालत आले आणि त्या स्वच्छ कपड्यांच्या माणसांमध्ये उभे राहिले. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. कपड्यांना लागू नये म्हणून त्यांनी ते अंगापासून लांब धरले होते.

"बोट?" मी विचारलं.

"हाये तिथंच. कोन नेते?" असं म्हणणारे हे तेच बाबा, जे कॅन पलंगाखाली ठेवून झोपायचे.

शेजारी एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मास्तरच असावेत कुठले तरी. त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोलायचं म्हणून विचारलं, "मुलगा आहे की मुलगी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर देता आलं असतं, पण मी मुद्दाम भिंतीवरची जाहिरात वाचत राहिले.

"बायको हाये माही," बाबा म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. झाडाखालची चार-सहा माणसं वळली. कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

त्या गृहस्थांच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! या वयात? गणित अवघड असतं हो. पास होतील?"

ह्याच एका प्रश्नाच्या भीतीनं बाबांनी अख्खा हिवाळा तोंडाला कुलूप लावलं होतं, मायचे धड दात पाडले होते. आता तो भर गर्दीत समोर येऊन उभा राहिला होता, आणि बोटीसारखं मध्येच बंद पडायची सोय नव्हती. बाबांनी आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. मग वर शाळेच्या खिडक्यांकडे, ज्यांच्यामागे कुठेतरी माय बसली होती.

"होईन," ते म्हणाले. "अन् नाई झाली तं पुन्हा बसन. आनून सोडाले मी हाये."